कॅप्सूलच्या पाठीवरचे आकडे

बी-कॉम्प्लेक्सला आपल्याकडे कोणी औषध मानतच नाही. तोंड आलं, घ्या. अँटिबायोटिक चालू आहे, सोबत घ्या. पाय ओढतात, चक्कर येते, मुलाचं अभ्यासात लक्ष नाही, घ्या. मेडिकलमध्ये चिठ्ठी मागत नाहीत, एका कॅप्सूलला दोन-तीन रुपयांवर खर्च नाही, आणि दुसऱ्या दिवशी लघवी पिवळीधमक झाली की गोळी लागू पडल्याची खात्री पटते. (तो पिवळा रंग बी-२ चा, म्हणजे रायबोफ्लेविनचा. शरीराने ठेवून न घेतलेला माल तो.)

वेंगुर्ल्यात एका घरच्या पडवीवर याच विषयावर मामा-भाचीची जुंपली, ती मी मधे बसून ऐकली. मामा निवृत्त विज्ञानशिक्षक. निवृत्तीनंतर माळ घातली आणि मासे सुटले. मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. भाची पुण्यात एका रुग्णालयाच्या फार्मसीत काम करते. मामांच्या स्टीलच्या डब्यात दोन वस्तू होत्या. एक आपल्याकडची नेहमीची बी-कॉम्प्लेक्सची स्ट्रिप, दुसरी अमेरिकेतल्या पुतण्याने पाठवलेली ‘बी-१००’ लिहिलेली बाटली. कंपन्यांची नावं मी गाळली आहेत, कारण भांडण कंपनीशी नव्हतंच.

मामा: विष घेतोय असं तोंड करून बघू नकोस गो. पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व. लागेल तेवढं शरीर घेतं, उरलेलं बाहेर टाकतं. नववीच्या किती वर्गांना मी हे शिकवलं.

भाची: बी-१ आणि बी-२ पुरतं ते बरोबर आहे, मामा. पण बी-१२ पाण्यात विरघळत असूनही यकृतात वर्षानुवर्षं साठून राहतं. आणि बी-६ भरमसाट घेतलं तर बाहेर पडायच्या आधी नसांना इजा करून जातं. आठही भावंडांना एकच स्वभाव लावू नका. ती स्ट्रिप उलटी करा बघू.

मामा: अक्षरं मुंगीएवढी. तूच वाच.

भाची: बी-१ दहा मिलिग्रॅम. बी-२ दहा. नायसिनामाइड, म्हणजे बी-३, शंभर. कॅल्शियम पँटोथेनेट, ते बी-५, पन्नास. बी-६ तीन. फॉलिक ॲसिड दीड. बायोटिन शंभर मायक्रोग्रॅम. बी-१२ पंधरा मायक्रोग्रॅम. वर क जीवनसत्त्व दीडशे मिलिग्रॅम. आता सांगा, फॉलिक ॲसिड जास्त की बी-१२?

मामा: दीड आणि पंधरा. बी-१२ दहापट.

भाची: एकक बघा.

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्ट्रिप डोळ्यांजवळ नेली आणि थांबले. दीड मिलिग्रॅम म्हणजे पंधराशे मायक्रोग्रॅम. वाचताना दहापट वाटलेलं बी-१२ प्रत्यक्षात फॉलिकचा शंभरावा हिस्सा निघालं.

मामा: हा काय खोटेपणा नव्हे. एकक लिहिलेलं आहे.

भाची: खोटेपणा नाहीच. पण घेणारा आकडा वाचतो, एकक वाचत नाही. आता रोजची गरज शेजारी ठेवा. बी-१ दीडेक मिलिग्रॅम, इथे दहा. बी-२ दोनच्या आसपास, इथे दहा. बी-३ चौदाच्या आसपास, इथे शंभर. फॉलेट तीनशे मायक्रोग्रॅम, इथे पंधराशे. बी-१२ सव्वादोन मायक्रोग्रॅमच्या आसपास, इथे पंधरा. सगळं पाच ते सातपट. बी-६ तेवढं अंगाबेताचं, दोनाच्या जागी तीन.

मामा: म्हणजे सरकारने डोळे मिटून परवानगी दिली?

भाची: उलट, तक्ता करून दिली. औषध नियमांच्या शेड्यूल व्ही मध्ये जीवनसत्त्वांची दोन मापं आहेत. एक कमतरता होऊ नये म्हणून द्यायचं, दुसरं झालेली कमतरता भरून काढायला. तुमची कॅप्सूल दुसऱ्या जातीची. म्हणजे ती इलाजाची कॅप्सूल आहे. इलाज काही दिवस करतात. तुम्ही ती वरणभातासारखी बारा महिने घेताय.

मामा: आणि ही बाटली? त्यावर तर ‘सप्लिमेंट’ म्हटलंय. म्हणजे अन्नच.

भाची: हो, आणि गंमत तीच. आपल्याकडेही असंच आहे. औषध म्हणून विकलं तर पाठीवर औषधाचा परवाना क्रमांक, पूरक आहार म्हणून विकलं तर एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी ओळ. ती ओळ असलेल्या डब्यातून लोक नसांचा, केसांचा, थकव्याचा इलाज करून घेतात.

बाटली उघडली तेव्हा उग्र वास पडवीभर झाला. बी-१ च्या रेणूत गंधक असतं, त्याचा तो वास. भाचीने लेबल मोठ्याने वाचलं आणि मला त्यातली खरी विचित्र गोष्ट तेव्हा लक्षात आली. बी-१ शंभर, बी-२ शंभर, बी-३ शंभर, बी-५ शंभर, बी-६ शंभर, सगळे मिलिग्रॅम. बी-१२ शंभर मायक्रोग्रॅम, बायोटिनही शंभर मायक्रोग्रॅम. खाली कोलीन, इनोसिटॉल आणि पॅरा-अमायनो-बेंझोइक ॲसिड, तीही शंभर-शंभर.

भाची: माणसाच्या शरीराला एका गोष्टीचे चौदा मिलिग्रॅम लागतात, दुसरीचे दोन मिलिग्रॅम, तिसरीचे दोन मायक्रोग्रॅम. असं असताना सगळ्यांसमोर एकच आकडा आला, तर तो शरीराकडे बघून ठरवलाय की डब्यावर छापायला सोपा म्हणून?

मामा: आणि ही शेवटची तीन? बी मधलीच ना?

भाची: एकेकाळी समजत होते. इनोसिटॉलला बी-८ म्हणायचे, त्या लांबलचक ॲसिडला बी-१०. पुढे ती जीवनसत्त्वं नाहीत असं ठरलं आणि नंबर रद्द झाले. म्हणून बी-७ नंतर एकदम बी-९ येतं. नंबर गेले, बाटलीतली जागा मात्र राहिली. त्यांनी काही बिघडत नाही, यादी लांब दिसते इतकंच. माझी तक्रार बी-६ बद्दल आहे. रोज शंभर मिलिग्रॅम. तुमच्या पायाला मुंग्या येतात ना?

मामा: म्हणूनच तर घेतो!

भाची: १९८३ साली अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी सात रुग्णांची हकीकत छापली. रोज दोन ते सहा ग्रॅम बी-६ घेणारे. हातापायांतली जाणीव गेलेली, अंधारात चालता येईना. गोळी बंद केल्यावर सुधारले. तुमची शंभर मिलिग्रॅम त्या मानाने खूप कमी, हे मी आधीच मान्य करते. अमेरिकेने वरची सुरक्षित मर्यादा शंभरच धरली आहे. पण युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये सगळा पुरावा पुन्हा तपासून ती मर्यादा बारावर आणली. कमी डोसातही, महिनोन्‌महिने घेतल्यावर, त्रास झालेले लोक नोंदले गेले म्हणून.

मामा: बारा आणि शंभर. दोन मोठ्या संस्था, आणि एवढा फरक! मग शास्त्र कोणाचं धरायचं?

भाची: ज्यात फायदा नाही तिथे कमीचं धरायचं. बी-६ शंभर घेऊन तुमच्या मुंग्या जातील असा पुरावा नाही. उलट पुढे मुंग्या वाढल्या तर त्या साखरेच्या, बी-१२ कमी असल्याच्या, की याच गोळीच्या, हे कोणालाच सांगता येणार नाही.

हा मुद्दा मामांना बोचला. पण ते मास्तर. त्यांनी वाद इतिहासावर नेला, जिथे त्यांचा हात धरणारं कोणी नाही.

मामा: तुम्ही शहरातले गोळीला नावं ठेवता, कारण गोळी नसतानाचे दिवस तुम्हाला माहीत नाहीत. बेरीबेरी म्हणजे काय ते आमच्या उकड्या तांदळाला विचार. जावामध्ये क्रिस्तियान आइकमन नावाचा डच डॉक्टर. त्याच्या प्रयोगशाळेच्या कोंबड्या लंगडू लागल्या. लष्करी इस्पितळातला उरलेला पॉलिशचा पांढरा भात त्यांना घालत होते. नवा आचारी आला, तो म्हणाला लष्कराचा भात सिव्हिल कोंबड्यांना देणार नाही. साधा तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या बऱ्या झाल्या! १९२९ चं नोबेल मिळालं त्या माणसाला. आणि आपल्या आज्या काय करत होत्या? भात भिजवायचं, उकडायचं, खळ्यात वाळवायचं आणि मग कांडायचं. कोंड्यातलं बी-१ उकडताना दाण्यात उतरतं.

भाची: मग हे तर माझ्या बाजूचं झालं की. पॉलिशच्या तांदळापेक्षा उकड्या तांदळात बी-१ तिपटीच्या आसपास असतं. शिवाय पेज करताना आपण पाणी ओतून देत नाही, त्यामुळे विरघळलेलंही पोटात जातं. सकाळी उकड्याची पेज, दुपारी कुळथाची पिठी खाणाऱ्याला बी-१ ची गोळी कशाला?

मामा: खाणाऱ्याला! वेंगुर्ल्यात आज किती घरांत रोज उकडा शिजतो? पोरांना कोलम पाहिजे, बासमती पाहिजे. बाळंतिणीला तर पथ्याच्या नावाखाली मऊ पांढरा भात आणि तूप.

भाची: ते मात्र खरं आहे. बेंगळुरूच्या बालहृदयरोगतज्ज्ञांनी अशीच बाळं पाहिली. अंगावर पिणारी, तीन-चार महिन्यांची, अचानक धाप लागलेली, फुप्फुसातला रक्तदाब भयंकर चढलेला. आया बाळंतपणाच्या कडक पथ्यावर, पॉलिशच्या भातावर. बी-१ चं इंजेक्शन दिल्यावर बाळं सावरली.

मामा: बघ! आणि गोव्याची हद्द इथून जवळ, बाटली स्वस्त. रोज पिणाऱ्याच्या अंगात बी-१ टिकत नाही. अशा माणसाला ग्लुकोज लावण्याआधी बी-१ टोचावं लागतं, नाहीतर मेंदूवर बेततं. त्याला तू ‘पिठी खा’ सांगणार?

भाची: नाही. त्याला बी-१ देणार, तेही डॉक्टरच्या हाताने, भरपूर. पण बी-१ देणार. आठांची मिसळ नाही.

इथे मामांनी त्यांचा हुकमाचा पत्ता काढला. लुसी विल्स हे नाव मराठी वाचकाला जितकं माहीत असायला हवं तितकं नाही, म्हणून त्यांचं बोलणं मी कापत नाही.

मामा: १९२८ साली ही इंग्रज बाई मुंबईत आली. गिरण्यांतून राबणाऱ्या गरीब बायका गरोदरपणी पांढऱ्याफटक पडून मरत होत्या. तेव्हा आपला तालुका रत्नागिरी जिल्ह्यात, आणि गिरणगाव कोकणातल्या माणसांनी भरलेलं. या बाईने त्या बायकांचं रक्त तपासलं, ताटात काय असतं ते पाहिलं. उंदरांवर, माकडांवर तसाच आहार लावून बघितला. आणि शेवटी यीस्टचा तो काळा खारट गोळा, मार्माइट, चारला. बायका बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये छापून आलं. आत काय आहे ते तिलाही ठाऊक नव्हतं. दहा वर्षांनी पालकाच्या पानातून तोच पदार्थ वेगळा केला गेला, त्याचं नाव फॉलिक ॲसिड. आणि ते प्रयोगशाळेत बनवणाऱ्या चमूचा म्होरक्या आपला आंध्रचा येल्लाप्रगडा सुब्बाराव. आता सांग, विल्सबाईने आधी प्रत्येकीची फॉलेटची टेस्ट केली होती? तिने एक मिश्रण दिलं. तुझ्या भाषेत आठांची मिसळ!

भाची: मामा, त्याच बाईचं पुढचं काम सांगा ना. तेव्हा दुसऱ्या एका पंडुरोगावर यकृताचा अर्क देत असत. त्याचा शुद्ध केलेला अर्क विल्सनी आपल्या रुग्णांना देऊन पाहिला. उपयोग झाला नाही. मार्माइटचा झाला. रक्ताच्या काचेवर दोन्ही आजार सारखे दिसतात, लाल पेशी मोठ्या मोठ्या. पण एकाला फॉलेट हवं, दुसऱ्याला बी-१२. हे वेगळेपण तिनेच दाखवलं.

मामा: म्हणजे दोन्ही एकत्र दिली की काम झालं.

भाची: दोन्ही पुरेशी दिली तर. पुढे फॉलिक ॲसिड हाती आलं तेव्हा डॉक्टरांनी ते बी-१२ कमी असलेल्यांनाही दिलं. रक्त सुधारलं, हिमोग्लोबिन चढलं, सगळे खूश. आणि आत नसा झिजतच राहिल्या. रक्ताने दिलेली धोक्याची खूण फॉलिकने पुसून टाकली होती. म्हणूनच गोळीतल्या फॉलिक ॲसिडची वरची मर्यादा एक मिलिग्रॅम ठरवली गेली. तुमच्या कॅप्सूलमध्ये दीड आहे. आणि सोबतचं बी-१२ पंधरा मायक्रोग्रॅम.

मामा: पंधरा म्हणजे गरजेच्या सातपट, हे मघाशी तूच म्हणालीस.

भाची: गिळलेलं सातपट. रक्तात पोचलेलं नव्हे. जठरातून एक प्रथिन सुटतं, ते बी-१२ ला हात धरून लहान आतड्याच्या टोकापर्यंत नेतं. त्या दारातून एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत जातं. त्यावरचं जे काही असेल, त्यातलं शंभरात एक आपसूक झिरपतं. म्हणजे पंधराच्या कॅप्सूलमधून दोनच्या आसपास. पंधराशेच्या गोळीतून सतरा-अठरा. डोस शंभरपट, मिळकत आठ-नऊपट.

मामा: मग बांगड्याचंही तेच?

भाची: तेच. शंभर ग्रॅम बांगड्यात आठेक मायक्रोग्रॅम असतं, पण एका जेवणातून दारातून आत जाणार दोनच्या आसपास. म्हणून एकदाच ताटभर खाण्यापेक्षा दोन दिवसांआड एखादी तुकडी बरी. तारली, तिसऱ्या, सुकट, सगळ्यात ते भरपूर. जून-जुलैत बंदी असते तेव्हा सुक्यावरही भागतं. खरं सांगायचं तर उभादांड्याच्या मच्छीमाराला बी-१२ ची गोळी विकणं म्हणजे त्याला मीठ विकण्यासारखं आहे. प्रश्न तुमच्यासारख्यांचा आहे.

मामा: मी आंबोळ्या खातो. आंबवलेल्या. जिवाणू बी-१२ बनवतात.

भाची: काही जिवाणू बनवतात, आंबोळीच्या पिठातल्यांवर भरवसा ठेवता येत नाही. आंबवल्याने दुसरी बी थोडी वाढतात. शाकाहारी माणसाला बी-१२ दुधा-ताकातूनच. पेलाभर दुधात एक मायक्रोग्रॅम. तुम्ही चहात घालता तेवढंच दूध घेता. त्यात मेटफॉर्मिन. ते आतड्याच्या त्याच दारापाशी बी-१२ अडवतं. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०२२ मध्ये डॉक्टरांना याची मुद्दाम आठवण दिली. त्यात ॲसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल. वयाने जठरही मंदावतं. चार कारणं एकाच माणसात.

यानंतर भाचीने पुण्याचा दाखला दिला आणि तिला वाटलं वाद संपला. पण मामांनीही तेच वाचलं होतं.

भाची: केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं. २००६ मध्ये छापून आलं. ६७ टक्क्यांत बी-१२ कमी. शाकाहाऱ्यांत धोका चौपटीहून जास्त. आणि त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात, पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांपैकी ज्यांच्यात फॉलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनचा विरोध सर्वांत जास्त आढळला. तुमच्या कॅप्सूलचा तोल नेमका त्याच बाजूला झुकलेला आहे. फॉलिक शंभर, बी-१२ एक.

मामा: पुढचं मी सांगतो. ती मुलं वयात आल्यावर याज्ञिकांनीच त्यांना बी-१२ द्यायला घेतलं. किती दिलं? रोज दोन मायक्रोग्रॅम! पंधराशे नाही, पंधरासुद्धा नाही. दोन. आणि पातळी सुधारली. मग माझ्या पंधराला तू नावं का ठेवतेस?

भाची गप्प झाली. मला वाटतं, या वादात मामांचा सर्वांत चांगला क्षण हाच होता. बाजारात पंधराशेचा आकडा इतका रुळला आहे की त्याखालचं काही औषधच वाटत नाही. आणि इथे महाराष्ट्रातलाच अभ्यास दोन मायक्रोग्रॅमची ताकद दाखवतो.

भाची: मुद्दा मान्य. धडधाकट जठराच्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला, कमी पडू नये म्हणून, दोन पुरतात. रोज, न चुकवता. तुमची कॅप्सूल त्याला खरंच उपयोगी पडेल. पण तुमची तळी आटली असेल तर दोन-दोनच्या थेंबांनी ती भरायला वर्षं लागतील, आणि तोवर नसा थांबणार नाहीत. म्हणून आधी टेस्ट. दोनशे पिकोग्रॅमच्या खाली आलं तर डॉक्टर मोठा डोस देतील, तोंडाने किंवा ते लाल इंजेक्शन.

मामा: टेस्टला शेकडो रुपये. कॅप्सूलला तीन. हातावर पोट असणाऱ्या बाईने काय करायचं? आशाताई लाल गोळी देतात गरोदरपणी. तिच्यात साठ मिलिग्रॅम लोह आणि पाचशे मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. बी-१२ शून्य. तू म्हणतेस तो तोल तर सरकारी गोळीतच एका बाजूला गेलाय! मासे न खाणाऱ्या प्रत्येक बाईची टेस्ट होईपर्यंत थांबायचं, की दोन पैशांचं बी-१२ त्याच गोळीत घालायचं?

भाची: घालायचं. यात आपला वाद नाहीच, मामा. गर्भाच्या मज्जारज्जूसाठी फॉलिक हवंच हवं, ते कोणी बंद करू नये. त्याला बी-१२ ची सोबत द्यावी, हेच पुण्याची मंडळी वर्षानुवर्षं सांगतायत. माझा आग्रह टेस्टचा आहे तो तुमच्यासाठी. तुम्हाला परवडते.

आतून मामी आल्या. त्यांचं सगळं ऐकून झालं होतं.

मामी: तुमचा झाला काय? माझे केस गळतत म्हणान मी पण एक घेतंय. पार्लरवाल्या चेडवान सांगल्यान.

त्यांच्या हातातल्या डबीवर एकच नाव होतं, बायोटिन, दहा मिलिग्रॅम. भाचीने डोक्याला हात लावला. रोजची गरज तीस-चाळीस मायक्रोग्रॅम. ही गोळी दहा हजारांची. कमतरता नसेल तर केसांना त्याने फायदा होतो असा भक्कम पुरावा नाही, पण भाचीची काळजी वेगळी होती. मामींना थायरॉईड आहे. अनेक प्रयोगशाळांतली थायरॉईडची चाचणी बायोटिनच्याच रासायनिक पकडीवर चालते. रक्तात बायोटिनचा पूर असेल तर टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त दिसू शकतं. डॉक्टर रिपोर्ट बघून थायरॉक्सिनचा डोस उतरवतील, आणि आजार होता तिथेच राहील. हृदयविकाराच्या झटक्याची ट्रोपोनिन चाचणीही काही यंत्रांवर अशीच फसते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये त्यावर इशारा दिला होता. चाचणीआधी निदान दोन दिवस ही गोळी बंद ठेवावी आणि लॅबमध्ये रक्त देताना तसं सांगावं. मामींनी डबी कमरेला खोचली. बंद करते म्हणाल्या नाहीत.

आमच्या किनाऱ्यापुरती आणखी एक गोष्ट, जी लेबलवर असते पण वाचली जात नाही. ‘साठवणुकीतली घट भरून काढण्यासाठी जादा मात्रा घातली आहे’ अशा अर्थाची ओळ बी-कॉम्प्लेक्सच्या पाठीवर पुष्कळदा सापडते. म्हणजे कारखान्यातून निघताना आत छापल्यापेक्षा थोडं जास्त असतं, आणि मुदत संपेपर्यंत ते उतरत येतं. उतरायचा वेग उष्णता, उजेड आणि ओल ठरवतात. ओलीत क जीवनसत्त्व आणि बी-१ शेजारी असले की बी-१२ लवकर खराब होतं. वेंगुर्ल्याच्या आषाढात मिठाला पाणी सुटतं, तिथे चुलीजवळच्या फळीवर झाकण सैल ठेवलेल्या बाटलीचं काय होत असेल? मामांच्या बाटलीतल्या वरच्या थरातल्या गोळ्यांवर तपकिरी ठिपके उठले होते आणि ओल शोषणारी पुडी कोणीतरी कचरा समजून फेकून दिली होती. स्ट्रिपमधल्या कॅप्सूल मात्र कोरड्या होत्या. दमट हवेत स्ट्रिप बरी, हे त्यावरून ठरवायला हरकत नाही.

मला विचाराल तर बाटलीबद्दल भाचीचं पूर्ण बरोबर आहे. सगळ्यांसमोर एकच आकडा असलेली गोळी घेऊ नये, आणि बी-६ मोजताना नसांची गोळी, बी-कॉम्प्लेक्स, प्रोटीन पावडर अशी सगळ्यांची बेरीज करावी. स्ट्रिपबद्दल मी थोडा मामांच्या बाजूने आहे. मासे-अंडी न खाणाऱ्या पण तब्येतीने ठणठणीत माणसाला त्यातलं पंधरा मायक्रोग्रॅम बी-१२ उपयोगाचं आहे, फक्त त्यासाठी बाकीचं पाच-सातपट सामान आणि दीड मिलिग्रॅम फॉलिक बारा महिने सोबत घेण्याचं कारण नाही. थोड्या डोसाचं नुसतं बी-१२ मिळतं, ते मागावं.

मामा टेस्टला तयार झाले. बाटली पुतण्याला परत पाठवणार नाही, महाग आहे, असं म्हणाले. भाचीने ती आपल्या बॅगेत टाकली. कॅप्सूल चालू राहिली.

वाचकांपैकी जे मेटफॉर्मिन घेतात, त्यातही जे माळकरी आहेत किंवा ज्यांना पायाला मुंग्या येतात, त्यांनी पुढच्या वेळी साखर तपासायला जाताना डॉक्टरांकडून बी-१२ ची चाचणीही लिहून घ्यावी, आणि घरात चालू असलेली प्रत्येक गोळी, डबी, बाटली सोबत नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवावी.